चहाच तर आहे, असे मी म्हणाले होते

दोन वर्षांपूर्वी, गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात, माझ्या नणंदेची मुलगी इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या औषधांच्या दुकानात आली आणि तिने पिशवीतून हिरव्या झाकणाचा एक डबा काढून काउंटरवर ठेवला. तिचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते, शालू घेऊन झाला होता, आणि ब्लाउज शिवायला टाकण्यापूर्वी पाच-सहा किलो वजन उतरावे अशी तिची इच्छा होती. "मामी, हे घेतले तर चालेल ना?" एवढेच तिने विचारले. संध्याकाळी सातची वेळ होती, चिठ्ठ्या घेऊन चार गिऱ्हाइके उभी होती, आणि मी तो डबा हातातही न घेता, त्यावरचे चहाच्या पानांचे चित्र लांबूनच पाहून म्हणाले, "चहाच तर आहे, घे." बी. फार्म. झाल्यापासून अठ्ठावीस वर्षे मी याच काउंटरमागे उभी आहे. तेवढ्या काळात तोंडून गेलेल्या वाक्यांपैकी एखादे परत घेता आले असते, तर मी हे घेतले असते.

दिवाळीच्या सुमारास तिला थकवा जाणवू लागला. लग्नाची धावपळ आणि कंपनीतले काम एकाच वेळी चालू असल्यामुळे कुणी ते फारसे मनावर घेतले नाही. मग चकलीच्या तळणीचा वास तिला सहन होईना, अंगाला खाज सुटू लागली, आणि भाऊबीजेला ओवाळताना तिच्या भावाच्या लक्षात आले की तिचे डोळे पिवळसर दिसत आहेत. रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृत दुखावले की रक्तात वाढणारे एन्झाइम, ६१२ निघाले. कागदावर कमाल मर्यादा ४० छापलेली होती. कावीळ म्हटली की आपल्याकडे पहिला संशय पाण्यावर जातो, त्यामुळे हिपॅटायटिस ए आणि ई यांच्या तपासण्या झाल्या, बी आणि सी यांच्याही झाल्या, आणि त्या सगळ्या निगेटिव्ह आल्या. डॉक्टरांनी विचारले, "कोणते औषध चालू आहे का?" ती म्हणाली, "नाही." ती खोटे बोलत नव्हती. डॉक्टरांनी लिहून दिलेले, चवीला कडू आणि आजारपणात घ्यायचे ते औषध, अशी आपली साधी समजूत असते, आणि तो डबा त्या व्याख्येत बसतच नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी प्रश्न बदलला. काढा, चूर्ण, जिममधली पावडर, इंटरनेटवरून मागवलेले काही घेतेस का, असे त्यांनी एकेक करून विचारले, तेव्हा नणंदबाईंना तो डबा आठवला.

त्या रात्री मी डबा घरी आणला आणि भिंग घेऊन वाचला. पुढच्या बाजूला 'नैसर्गिक' हा शब्द बोटभर उंचीच्या अक्षरांत होता; मागच्या बाजूची घटकांची यादी मुंगीच्या पायांएवढी होती. एका कॅप्सूलमध्ये ग्रीन टीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, त्यात ईजीसीजी ५० टक्के. गार्सिनियाचा अर्क २०० मिलिग्रॅम. आणि खाली ग्रीन कॉफी व आणखी तीन वनस्पतींचे एक 'प्रोप्रायटरी ब्लेंड' १०० मिलिग्रॅम, ज्यात कोणती वनस्पती किती आहे हे दिलेले नव्हते. मात्रा लिहिली होती ती अशी : दोन कॅप्सूल सकाळी, दोन संध्याकाळी, जेवणापूर्वी. औषधशास्त्र शिकलेल्या बाईला एवढा हिशेब तोंडी यायला हवा होता. एका कॅप्सूलमध्ये २५० मिलिग्रॅम ईजीसीजी, म्हणजे दिवसाला १००० मिलिग्रॅम.

ईजीसीजी हा हिरव्या चहातला मुख्य कॅटेचिन, म्हणजे वनस्पतीत नैसर्गिकपणे असणारे एक रसायन, होय, आणि वजन घटवण्याच्या गोळ्यांत चहा घालतात तो याच्यासाठी आणि कॅफीनसाठी. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली या विषयाचा आढावा घेतला. साध्या हिरव्या चहातून माणसाच्या पोटात रोज साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी जाते आणि असा चहा सामान्यतः सुरक्षित आहे. परंतु पूरक गोळ्यांच्या रूपात दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्यास यकृताची एन्झाइम वाढताना दिसतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतर २०२२ साली युरोपीय संघाने नियमच केला की रोजची मात्रा ८०० मिलिग्रॅमच्या आत असली पाहिजे, आणि उपाशीपोटी घेऊ नये अशी सूचना लेबलावर छापली पाहिजे. रिकाम्या पोटी घेतल्यास ईजीसीजी रक्तात कितीतरी अधिक प्रमाणात उतरते, हे त्या सूचनेमागचे कारण आहे. आमची भाची सकाळी न्याहारी टाळून, कोमट पाण्याबरोबर दोन कॅप्सूल घेऊन कंपनीच्या बसमध्ये बसत होती. एवढ्या सकाळी पोहे कोण खाणार, आणि खायचे तर वजन कशाला कमी करायचे, असा तिचा युक्तिवाद होता.

मग तोच डबा घेणाऱ्या इतर हजारो जणांना काही होत नाही, ते का, असा प्रश्न मला पुढे अनेकांनी विचारला. याचे एक उत्तर आता बरेचसे हाती आले आहे. हिरव्या चहाच्या अर्कामुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांमध्ये एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय प्रकार अपेक्षेपेक्षा फार मोठ्या प्रमाणात आढळतो. हळद आणि मिरीतले पायपरीन एकत्र केलेल्या कॅप्सूलनी यकृत दुखावलेल्या रुग्णांतही तोच आढळला आहे. म्हणजे मात्रा हा अर्धा भाग झाला, आणि आपण कोणती माती घेऊन जन्माला आलो हा दुसरा अर्धा; आणि हा दुसरा अर्धा कुणाच्याच कपाळावर लिहिलेला नसतो. भाचीच्या कागदांवर डॉक्टरांनी 'बहुधा पूरक आहारामुळे यकृताला इजा' असे लिहिले, आणि तो 'बहुधा' मला प्रामाणिक वाटतो, कारण त्याच कॅप्सूलमध्ये गार्सिनियाही होते.

गार्सिनिया या नावामुळे आपण मराठी माणसे उगाच परक्यासारखी बिचकतो, किंवा उलट, ते काय आहे हे कळल्यावर उगाच निर्धास्त होतो. बाजारातले गार्सिनिया कंबोजिया म्हणजे केरळात माशांच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. आणि आपले कोकम तिची सख्खी चुलत बहीण, गार्सिनिया इंडिका. कोकणातून इंदुरात येणारा पाहुणा पिशवीत आमसुले आणतो ती याच कुळातली. दोन्हींच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते. पिष्टमय पदार्थांपासून शरीरात चरबी तयार होताना एक एन्झाइम लागते, ते हे आम्ल अडवते, अशी त्यामागची कल्पना. उंदरांत ती काही अंशी उतरलीही. माणसांत मात्र १९९८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात जो प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात १३५ जणांना बारा आठवडे एकसारखा कमी उष्मांकाचा आहार दिला, निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल दिले आणि निम्म्यांना दिसायला तशीच पोकळ गोळी दिली. गार्सिनिया घेणाऱ्यांचे सरासरी ३.२ किलो उतरले आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता, म्हणजे पोकळ गोळी अधिक गुणकारी ठरली असे कृपया कुणी समजू नये; पण वजन उतरले ते आहाराने, हे त्यातून स्पष्ट होते.

यकृताच्या बाबतीत गार्सिनियाची पाटी कोरी नाही. अमेरिकेत २००९ साली वजन घटवण्याच्या एका खपाऊ उत्पादनाबद्दल तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना सावध केले, तेव्हा त्यांच्यापाशी यकृताच्या गंभीर तक्रारींचे २३ अहवाल होते आणि त्यांत एक मृत्यू होता. त्या उत्पादनात अनेक घटक होते, काही प्रकारांत गार्सिनियाही होते, आणि नेमका अपराधी कोण हे तेव्हा ठरवता आले नाही. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२५ साली तर गार्सिनिया असलेली पूरके घेऊच नका असा स्पष्ट सल्ला दिला. आता हे वाचून कुणी घरातली आमसुले फेकू नयेत. सारात पडणारी चार आमसुले आणि साठ टक्क्यांपर्यंत आम्ल एकवटलेला अर्क दिवसातून दोनदा महिनोन्महिने घेणे यांत जे अंतर आहे तेच मला सांगायचे आहे. स्वयंपाकघराने शतकानुशतके ज्या मात्रेत पदार्थ वापरला त्या मात्रेची हमी आपल्यापाशी असते, पण ती हमी अर्काला लागू होत नाही. आणि वनस्पती तीच असल्यामुळे आपण ती बिनदिक्कत लागू करतो. मीही तेच केले होते.

ग्रीन कॉफीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिची कथा औषधापेक्षा व्यवहाराची अधिक आहे. न भाजलेल्या कॉफीच्या बियांचा अर्क घेतल्याने बावीस आठवड्यांत सरासरी आठ किलो वजन उतरते, असा एक शोधनिबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर त्या गोळ्यांची लाट आली. तो प्रयोग आपल्याकडे, बंगळूरमध्ये, केवळ सोळा जणांवर झाला होता. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने पुढे चौकशी केली, तेव्हा प्रयोग करणाऱ्याने वजनाचे आकडे वारंवार बदलल्याचे, आणि कोणत्या काळात कुणाला खरी गोळी दिली होती हेही चुकीचे सांगितल्याचे आयोगाने नमूद केले. अर्क विकणाऱ्या कंपनीने २०१४ साली ३५ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले, आणि निबंध मागे घेण्यात आला. निबंध मागे गेला तरी डबे मागे गेले नाहीत. माझ्या घाऊक विक्रेत्याच्या यादीत ते आजही आहेत.

आता जिमकडे वळते. सराफ्यातल्या खाऊबाजारातून रात्री साडेअकराला गराडू (तळलेला कंद) आणि रबडी खाऊन परतलेला तरुण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन 'फॅट बर्नर' मागतो, तेव्हा मला हसू आवरत नाही. पण त्या डब्यातला माल हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. त्यात मुख्यतः कॅफीन असते, आणि ते अनेकदा वेगवेगळ्या नावांनी येते : निर्जल कॅफीन, ग्वाराना, ग्रीन टी, ग्रीन कॉफी. चार नावे वाचून चार वनस्पती वाटतात आणि बेरीज मात्र एकाच रसायनाची होते. निरोगी प्रौढ माणसाने दिवसभरात साधारण ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर स्त्रीने २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेणे चालते, असे युरोपच्या तज्ज्ञांनी २०१५ साली ठरवले. आपल्याकडे त्यात घरचा चहा मिळवावा लागतो, आणि इंदुरात तो दिवसातून किती वेळा होतो हे मी सांगायला नको. कॅफीनच्या जोडीला कडू संत्र्याच्या सालीचा अर्क घालतात. त्यातले सिनेफ्रिन हे एफेड्रिनच्या नात्यातले रसायन आहे आणि कॅफीनबरोबर ते छातीची धडधड व रक्तदाब वाढवू शकते.

एफेड्रिनचे नाव निघाले म्हणून सांगते. चिनी मा हुआंग, म्हणजे एफेड्रा ही वनस्पती, अमेरिकेत वजन घटवण्यासाठी सर्रास विकली जात असे. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि मृत्यू यांच्या नोंदी साचत गेल्या आणि २००४ साली तिथे पूरक आहारात तिच्यावर बंदी आली. आपल्या बला या वनस्पतीतही, जिला मराठीत चिकणा म्हणतात, एफेड्रिनसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. वैद्याने तेल किंवा काढा म्हणून दिलेली बला ही एक गोष्ट झाली. तिचा अर्क कॅफीनसोबत घालून केलेली कॅप्सूल ही दुसरी. लेबलावर लॅटिनमध्ये 'सिडा कॉर्डिफोलिया' दिसले तर रक्तदाबाच्या रुग्णाने डबा खाली ठेवावा, एवढेच माझे मत आहे.

याच डब्यांवर दिसणाऱ्या क्रोमियम पिकोलिनेट, एल-कार्निटिन आणि सीएलए (एक स्निग्धाम्ल) या घटकांवर मी फार शाई खर्च करणार नाही. त्यांनी बहुतेकांचे मोठे नुकसान होत नाही आणि वजनातही डोळ्यांना दिसेल असे काही घडत नाही. उपलब्ध प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा क्रोमियमविषयीचा २०१३ सालचा आढावा भरवशाचा पुरावा नाही असेच सांगतो. गुग्गुळाची गोष्ट थोडी निराळी. मेद घटवणारा म्हणून त्याला आपल्याकडे मोठा मान आहे. परंतु २००३ साली 'जामा'मध्येच आलेल्या १०३ जणांवरील प्रयोगात त्याने एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, उतरण्याऐवजी किंचित वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले.

सोनामुखीबद्दल मात्र थांबून सांगितले पाहिजे, कारण 'स्लिमिंग टी'च्या कित्येक पुड्यांचा खरा कारभार तीच पाहते. ती रेचक आहे. तिने पोट साफ होते, पाणी जाते, सकाळी काटा एक किलो खाली दिसतो आणि माणूस खूश होतो. चरबी आहे तिथेच असते. महिनोन्महिने घेतल्यास शरीरातले पोटॅशियम घटते, आणि जो रुग्ण रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेत असेल, त्याच्या बाबतीत हे थेट हृदयाच्या ठोक्यांवर जाते. त्याला हा चहा कुणी देत असेल तर ती थट्टा नव्हे.

या सगळ्या बाजारात माझ्या मनात ज्याला थोडी जागा आहे तो घटक अगदी अनाकर्षक आहे : तंतू. कोन्याक नावाच्या कंदापासून काढलेले ग्लुकोमॅनन पाण्यात फुगते, पोट भरल्यासारखे वाटते. कमी उष्मांकाच्या आहाराबरोबर दिवसाला तीन ग्रॅम, जेवणापूर्वी एकेक ग्रॅम, एक-दोन पेले पाण्यासोबत घेतल्यास वजन घटायला हातभार लागतो, हा दावा युरोपच्या प्राधिकरणाने २०१० साली मान्य केला. पाण्याची अट ही शोभेसाठी नाही. अपुऱ्या पाण्याने घेतलेली गोळी अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते, म्हणून ऑस्ट्रेलियाने १९८०च्या दशकात त्याच्या गोळ्यांवर बंदी घातली होती. आणि फुगणारा तंतू हवा असेल तर परदेशी कंदाचे कौतुक कशाला? नीमच-मंदसौरकडे इसबगोल पिकतो आणि इथल्या सियागंजच्या किराणा बाजारात किलोवर मिळतो. वजनाच्या बाबतीत त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. पण त्याची कुवतही ठाऊक आहे आणि खोडीही ठाऊक आहेत, ही माझ्या धंद्यात लहान गोष्ट नाही.

येथवर मी लेबलावर लिहिलेल्या घटकांविषयी सांगितले. मला खरी भीती वाटते ती न लिहिलेल्या घटकांची.

आमच्याच गल्लीतल्या एका काकू, वय अठ्ठावन्न, दहा वर्षे एका गोळीवर रक्तदाब छान आवरलेला, गेल्या उन्हाळ्यात दर महिन्याची स्ट्रिप घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, "अगं, गुण आला मला, चार किलो उतरले." एका ब्युटी पार्लरमधून त्यांना खाकी कागदाच्या पुड्यांत 'शुद्ध आयुर्वेदिक' पावडर मिळत होती, पुडीवर ना नाव, ना बॅच नंबर, ना परवाना क्रमांक. भूक अजिबात लागत नाही, असे त्या कौतुकाने सांगत होत्या. तोंडाला कोरड पडते आणि रात्री झोप येत नाही, हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितले. मी दुकानातल्याच यंत्रावर रक्तदाब पाहिला : १७२ वर १०४. त्या पुड्यांची तपासणी कुणी केली नाही, त्यामुळे पार्लरवाल्यांवर मी कोणताही आरोप करीत नाही. पण नाहीशी झालेली भूक, कोरडे तोंड, उडालेली झोप आणि चढलेला रक्तदाब ही चार लक्षणे एकत्र पाहिली की माझ्या पिढीच्या औषधविक्रेत्याला एकच नाव आठवते : सिब्युट्रामिन.

हे औषध आम्ही कधी काळी चिठ्ठीवर रीतसर विकत होतो. मेंदूतील भुकेच्या यंत्रणेवर ते काम करते आणि खरोखर वजन उतरवते. परंतु सुमारे दहा हजार जणांवरील एका दीर्घ चाचणीत, ज्यात आधीपासूनच हृदयविकार किंवा मधुमेह असलेले जादा वजनाचे प्रौढ होते, ते घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि तत्सम घटनांचा धोका १६ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१० साली युरोप आणि अमेरिकेच्या बाजारातून ते गेले. २०११च्या फेब्रुवारीत भारतानेही बंदी घातली. दुकानांतून गेले, पण पुड्यांतून गेले नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात चोरून औषध मिसळलेली ७७६ पूरके पकडली. त्यांपैकी ३१७ वजन घटवण्याची होती, आणि त्या ३१७ पैकी २६९ मध्ये सिब्युट्रामिन होते. सगळ्यांच्या वेष्टनावर पाने-फुलेच असणार, हे वेगळे सांगायला नको. म्हणून आता 'याने काही फरक पडला नाही हो' असे कुणी म्हटले तर मी निःश्वास टाकते, आणि 'पंधरा दिवसांत चार किलो' असे कुणी म्हटले की कान टवकारते. झाडपाल्याने एवढे होत नसते. होत असेल तर त्यात झाडपाल्याखेरीज दुसरे काही आहे.

कायद्याचे कवच किती जाड आहे हे लोकांना नीटसे ठाऊक नसते. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक असतो, आणि तो पाहून 'सरकारने पास केले आहे' असे गिऱ्हाईक मला ऐकवते. तो क्रमांक उत्पादकाच्या परवान्याचा असतो. त्या डब्याने वजन उतरते असे कुणी तपासून दिलेले प्रमाणपत्र नसते. किंबहुना, औषध म्हणून वापरासाठी नाही, असे पूरक आहाराच्या लेबलावर लिहिण्याचे नियमानेच बंधन आहे, आणि ते वाक्य भिंग घेऊन शोधावे लागते. आयुर्वेदिक औषधाचा परवाना निराळा, तो औषधे व प्रसाधने कायद्याखाली राज्य सरकारकडून मिळतो. आणि १९५४ सालचा एक जुना कायदा असा आहे की ज्याच्या परिशिष्टातल्या आजारांवर औषधाची जाहिरातच करता येत नाही. त्या यादीत लठ्ठपणा आहे. रिंग रोडवरच्या वजन घटवण्याच्या जाहिराती पाहताना हा कायदा आठवला की माझी करमणूक होते.

माझ्याही हितसंबंधाची कबुली द्यायला हवी. अशा एका डब्यावर मला जो नफा सुटतो तो रक्तदाबाच्या गोळ्यांच्या कित्येक स्ट्रिपांवर सुटत नाही. भाचीच्या आजारपणानंतर मी दुकानातली ती फळी रिकामी केली. यजमानांनी महिन्याचा तोटा कागदावर मांडून दाखवला आणि मग तो विषय पुन्हा काढला नाही. त्याच आठवड्यात मी भाचीच्या इजेची नोंद राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे केली. त्यांचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे, रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो, आणि त्यासाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो. अठ्ठावीस वर्षांत मी तो पहिल्यांदा भरला, हे लिहिताना मला संकोच वाटतो.

भाची बरी झाली. डबा बंद केल्यावर एसजीपीटी हळूहळू उतरत गेले आणि अडीच महिन्यांनी मर्यादेत आले. लग्न मार्गशीर्षातून माघात ढकलावे लागले. हे सगळे ज्यासाठी केले ते तिचे वजन किती होते, तर ६१ किलो, उंची १६२ सेंटिमीटर, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २३.२. भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २३ वर आखली आहे, तिच्या ती केसभर पलीकडे होती. आजारपणाने तिचे सहा किलो उतरवले, आणि शिवून आलेले ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घ्यावे लागले.

मागच्या सोमवारी एका गृहस्थांनी मोबाइलवर एका डब्याचा फोटो दाखवून तो आहे का, असे विचारले. मी फोटो मोठा करून मागची बाजू वाचली, कॅल्क्युलेटरवर बेरीज करून दाखवली, आणि हे कुणासाठी हवे आहे असे विचारले. पत्नीसाठी, असे ते म्हणाले. पत्नीला दुसरी कोणती गोळी चालू आहे का, या प्रश्नावर त्यांनी "नाही" म्हटले, आभार मानले आणि ते समोरच्या दुकानाकडे गेले. तिथे तो डबा मिळतो हे मला माहीत आहे. दहा मिनिटांनी ते रिकाम्या हातांनी परत आले, बहुधा घरी फोन करून, आणि म्हणाले, "ताई, ती थायरॉइडची गोळी घेते सकाळी, ती औषधात धरायची का?"

मी स्टूल पुढे केले आणि त्यांना बसायला सांगितले.